काकांच्या मशीनला २०१३ साल लागलं

"नेट गेलंय गं. आणि परवा सकाळी आठला गाडीचं बुकिंग आहे."

तक्रार एवढीच. मंगळवार, २४ जून २०२५, दुपारचे सव्वातीन. मी ऑफिसात होते. दिवसा मी अकाउंट्सचं काम करते. संध्याकाळी आणि रविवारी ओळखीपाळखीच्या घरी जाऊन कॉम्प्युटर, मोबाइल, प्रिंटर यांची किरकोळ दुखणी बघते. गिरगाव, ठाकुरद्वार, फार तर ताडदेव. चहाच्या बोलीवर सुरू झालेल्या या उद्योगाला आता पंधरा वर्षं झाली. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण दोष चाळीस रुपयांचा होता, तो सापडायला सव्वा दिवस गेला, आणि त्यातला बराचसा वेळ माझ्यामुळे फुकट गेला. काकांनी लिहायला परवानगी दिली आहे. नाव घालू नकोस म्हणाले, तेव्हा नुसतं काका आणि काकू.

काका बहात्तरचे. गिरगावातल्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गाव कुडाळजवळ. चाळीतल्या भाडेकरूंचा हिशेब तेच ठेवतात: पाण्याच्या पंपाचं बिल, जिन्यातले दिवे, झाडूवाला. त्यासाठी २०१४ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात विंडोज १०, एक्सेल, क्रोम आणि एक प्रिंटर. तिकीट मोबाइलवर का काढत नाही, असं कुणी विचारलं की काका मागच्या वर्षीची गोष्ट सांगतात. बोट भलतीकडे लागलं आणि काकूंचं वय सहासष्टच्या जागी सहा पडलं. तेव्हापासून तिकीट मोठ्या स्क्रीनवरच.

गणपती त्या वर्षी २७ ऑगस्टला होते. काकांना २५ तारखेची रात्रीची कोकणकन्या हवी होती. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे २५ ऑगस्टच्या गाडीचं बुकिंग २६ जूनला, गुरुवारी सकाळी ८ वाजता. कोकणातल्या माणसाला ही तारीख पंचांगातल्या तिथीइतकीच पाठ असते.

मी फोनवर नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. "काका, मोबाइलवर चालतंय का वायफाय?"

"चालतंय. काकू बघतेय ना तिचं कीर्तन."

"मग कॉम्प्युटरवर काय दिसतं?"

"काही दिसत नाही. पानंच उघडत नाहीत."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, दिसत नाही काय? घड्याळाचं चित्र येतं ना."

"ते फिरतंय का काकू?"

"नाही गं, नुसतं आहे. खाली काहीतरी इंग्रजी लिहिलंय."

हे वाक्य मी सोडून दिलं. मला वाटलं, पान लोड होताना जे गोल फिरतं त्याला त्या घड्याळ म्हणताहेत. पंधरा वर्षांत शंभरदा तरी दुसऱ्यांना सांगितलंय की समोरचा माणूस स्क्रीनबद्दल जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे घ्या, आपल्या भाषेत उतरवू नका. त्या दिवशी समोर व्हाउचरांचा ढीग होता. मी म्हटलं, "काकू, वायफायचा डबा एकदा रीसेट करून बघा, मी रात्री फोन करते."

माझ्या मनात होतं स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. आमच्यात बोलताना सगळे त्यालाच सर्रास रीसेट म्हणतात. काकू मात्र शब्दाला जागणाऱ्या. त्यांनी डबा उलटा केला, मागे बारीक अक्षरांत 'रीसेट' लिहिलेलं भोक शोधून काढलं, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यात घातली आणि सगळे दिवे विझेपर्यंत दाबून धरली. मला नंतर अभिमानाने सांगितलं, "तू सांगितलंस तेच नाव होतं बघ."

त्या भोकातलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. केबलवाला जोडणी देताना त्यात ग्राहकाचं यूजरनेम आणि पासवर्ड भरून ठेवतो, तेही पुसलं जातं. वायफायचं नाव बदलतं, वायफायचा पासवर्ड बदलतो. दिवे पेटतात, पण आत इंटरनेट येत नाही. म्हणजे आतापर्यंत एक कॉम्प्युटर आजारी होता, आता घरातले दोन्ही मोबाइलही आडवे झाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा एकमेव पक्का पुरावा, मोबाइलवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तोच मी पुसून टाकला. रात्री फोन केला तेव्हा काका म्हणाले, "आता कुठेच चालत नाही." मी निदान केलं की लाइनच गेली आहे. केबलवाल्याला सांगा.

केबलवाला म्हणाला उद्या संध्याकाळी येतो.

मधल्या बुधवारी सकाळी शेजाऱ्यांनी त्यांच्या ओळखीचा एक रिपेअरवाला पाठवला. त्याने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, काकांनी सवयीने एक की दाबली, विंडोज उघडलं, नेट नाही. पाच मिनिटांत निकाल: मदरबोर्ड, म्हणजे मशीनमधला मुख्य सर्किटबोर्ड, गेला. फॉरमॅट मारून बघू शकतो, बाराशे रुपये, पण गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन मशीन घ्या, अठ्ठावीस हजारांत बसवून देतो. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा आवाज पार बसलेला होता. पैशांपेक्षा त्यांना हिशेबाची काळजी होती, अकरा वर्षांच्या फायली त्याच डब्यात.

त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. त्याने जे पाहिलं त्यात खोट होतीच, आणि नेट नसण्याचा अर्धा पुरावा तर मीच तयार करून ठेवला होता. पण 'फॉरमॅट' या उपायाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्याने फॉरमॅट मारला असता तर नेट खरोखरच चालू झालं असतं. विंडोज नव्याने टाकताना त्याने तारीख हाताने ठीक केली असती, पानं उघडली असती, बाराशे घेऊन तो गेला असता. रात्री काकांनी स्विच बंद केला की दुसऱ्या सकाळी सगळं पुन्हा होतं तसं. आणि फायली गेल्या असत्या त्या गेल्याच. घरोघरी फॉरमॅटचा एवढा बोलबाला आहे त्याचं कारण हेच, दोन दिवस तरी गुण येतो.

बुधवारी रात्री नऊला मी पोचले. पाऊस होता. त्या वर्षी तो २६ मेलाच मुंबईत उतरला होता, जिन्याच्या लाकडी पायऱ्या तेव्हापासून फुगून करकरत होत्या. केबलवाल्याचा मुलगा माझ्या आधी येऊन बसला होता. त्याने राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड परत भरले, वायफायला जुनंच नाव दिलं, मोबाइल जोडून दिले. काकूंचं कीर्तन सुरू झालं. दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "ताई, रीसेट कोणी मारला?" मी म्हटलं, "मी." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

आता पुरावा पुन्हा जागेवर आला. मोबाइल चालू, कॉम्प्युटर बंद. काकांनी क्रोम उघडलं, आरक्षणाचं संकेतस्थळ टाकलं, पान आलं आणि त्याच क्षणी त्यांनी माउस फुलीकडे नेला.

"थांबा. बंद नका करू."

"अगं, हेच येतं. याचा काही उपयोग नाही."

पानावर घड्याळाचं चित्र होतं. नुसतं. फिरत नव्हतं. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'युअर क्लॉक इज बिहाइंड'. तुमचं घड्याळ मागे आहे. त्याखाली लहान अक्षरांत, तुमच्या कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ चुकीची असल्यामुळे सुरक्षित जोडणी करता येत नाही, असं, आणि ती चुकीची तारीखही. उजवीकडे निळं बटण, तारीख-वेळ बदला. रोगाचं नाव, कारण आणि औषध तिन्ही एका पानावर. दोन दिवसांत ते पान निदान वीस वेळा उघडून बंद झालं असेल. इंग्रजी पान आलं की ते चुकीचं पान, ही या घरातली समजूत, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांतली.

मी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. रात्रीचे १२ वाजून २२ मिनिटं. तारीख १ जानेवारी २०१३. माझ्या मनगटावर ९ वाजून ४० मिनिटं झाली होती.

"काका, मशीन चालू करून किती वेळ झाला?"

"आत्ता मघाशीच केलं. वीसेक मिनिटं."

म्हणजे स्विच लावला त्या क्षणी या मशीनसाठी २०१३ चं नवं साल उजाडलं होतं. रोज उजाडत होतं. काका रोज सकाळी मशीन चालू करत होते आणि ते रोज पहिल्या जानेवारीच्या मध्यरात्रीपासून आयुष्य सुरू करत होतं.

नेट आणि तारीख यांचा काय संबंध, हा काकांचा पुढचा प्रश्न. मी लोकलच्या पासाचं उदाहरण दिलं. पासावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं छापलेलं असतं. टीसीच्या खिशातल्या कॅलेंडरवर २०१३ असेल आणि तुम्ही त्याला २०२५ चा पास दाखवलात, तर तो म्हणेल, हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे असा एक पास असतो, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. पान उघडण्याआधी ब्राउझर तो तपासतो, आणि तपासताना आजची तारीख काय हे कॉम्प्युटरच्या घड्याळाला विचारतो. घड्याळ म्हणालं २०१३, की जगातले सगळे पास खोटे. बँक, रेल्वे, मेल, बातम्या, सगळं एकदम. मोबाइल आपली वेळ बाहेरूनच घेतो, म्हणून त्याला काही झालं नाही.

पूर्वी घड्याळ काही महिने मागे असलं तरी खपून जायचं, कारण हे पास दोन-तीन वर्षांचे असत. सप्टेंबर २०२० पासून नवा पास ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा मिळेनासा झाला, कितीतरी संकेतस्थळं तो ९० दिवसांच्या आत बदलतात, आणि ठरल्याप्रमाणे २०२९ पर्यंत कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. यापुढे घड्याळ महिनाभर मागे पडलं तरी अर्धी दारं बंद होतील.

काका ऐकून घेत होते, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ते उठले, कपाटातून पावती पुस्तकाची फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. रविवारी छापलेली जूनची पावती. तारीख: ०१-०१-२०१३. एक्सेलमध्ये पावतीच्या तारखेला त्यांच्या पुतण्याने 'आजची तारीख' हे सूत्र लावून दिलं होतं, मशीनने आपलं काम चोख केलं होतं. अठरा पावत्या वाटून झाल्या होत्या. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ वर येऊन म्हणाले होते, पावती २०१३ ची आहे तर वर्गणीही २०१३ चीच घ्या, तेव्हा चाळीस रुपये होती. काकांना तो चेष्टेचा विषय वाटला होता. शिवाय सोमवारी त्यांना रविवारची फाइल सापडली नव्हती. यादी तारखेनुसार लावलेली, नवी फाइल वर असायची, ती तळाशी जाऊन बसली होती. त्यांनी ती पुन्हा टाइप केली. तीन लक्षणं, तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून पाहिलेली.

चौथं लक्षण मॉनिटरच्या कडेवर चिकटवलेलं होतं. पिवळ्या कागदाची चिठ्ठी, काकांच्या सुवाच्य अक्षरात: 'सुरुवातीस एफ-१ दाबणे.'

"हे कधीपासून?"

"एप्रिलपासून. प्रिंटरवाला आला होता तेव्हा काळा पडदा आला, तो म्हणाला एफ-वन दाबा की पुढे जातं. मग मी लिहून ठेवलं. का?"

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि या वेळी काकांना की दाबू दिली नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आतली बॅटरी संपत आली आहे, सेटिंग्ज मूळपदावर नेली आहेत, पुढे जायचं तर एफ-१. एप्रिलपासून मशीन चालू केलं की दर वेळी स्वतःचा आजार सांगत होतं, आणि पुढे जायचं बटण तेवढं घरात पाठ झालं होतं.

मदरबोर्डवर एक बटणसेल असतो. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहून थोडा लहान, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. त्याचं नाव सीआर २०३२, आकडे त्याच्या मापांवरूनच आलेले. दुकानदार त्याला सीमॉस सेल म्हणतात. मशीनला वीज नसताना आतलं घड्याळ चालू ठेवणं आणि काही सेटिंग्ज लक्षात ठेवणं, एवढंच त्याचं काम. भिंतीवरचा स्विच चालू असेल तर, कॉम्प्युटर बंद असला तरीही, घड्याळाला वीज वीजपुरवठ्यातूनच मिळते आणि सेल आराम करतो. स्विच बंद केला की सगळा भार सेलवर. आणि काका रात्री अकरा वाजता घरातला एकूण एक स्विच बंद करतात, कारण चाळीचं वायरिंग त्यांच्यापेक्षा फार लहान नाही. ही सवय मी चुकीची म्हणणार नाही, त्या वायरिंगकडे बघून तर नाहीच. पण सेलने अकरा वर्षं काढली ही त्याची पुण्याई. मे महिन्यात दोघं गावी गेले, दहा जूनला परतले, चाळीस दिवस स्विच बंद. उरलंसुरलं तेव्हा संपत आलं. २०१३ हे साल कुठून आलं? बोर्ड तयार झाला तेव्हा कारखान्याने त्यात घातलेली मूळ तारीख तीच असणार. प्रत्येक बोर्डाची वेगळी असते. मी २००९ पाहिलंय, २०१६ पाहिलंय.

आता एक शंका कॉम्प्युटरची थोडी माहिती असलेल्यांना येईल. विंडोज तर वेळ इंटरनेटवरून आपोआप घेतं, मग ही चूक त्याने स्वतः का नाही सुधारली? कारण घरच्या मशीनवरच्या विंडोजला ठरवून दिलेलं असतं की फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर आपणहून हात लावायचा नाही. काही मिनिटं, काही तास मागे असलं तर ते गुपचूप नीट करतं; एप्रिलमध्ये ते तसं करतच असणार, म्हणून तेव्हा काही जाणवलं नाही. साडेबारा वर्षांचा फरक पाहिला की ते गप्प बसतं. आधी तारीख हाताने जवळपास आणावी लागते, मग ते मिनिटं-सेकंद सांभाळतं.

हे सांगितल्यावर काका हसले आणि म्हणाले, वेगळं घड्याळ चालवायची गिरगावाला सवय आहेच. त्यांच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं मुंबईच्या वेळेबद्दल बोलायची. खरंच आहे ते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली वेगळी, ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. काकांचा जन्म त्रेपन्नचा.

रात्रीचे दहा वाजले होते. लॅमिंग्टन रोडची दुकानं बंद. हा सेल काही ग्लुकोमीटरमध्येही असतो आणि काकांच्या ग्लुकोमीटरमध्ये तो होताच, पण सकाळची साखर मोजायची राहील म्हणून काकूंनी तो काढू दिला नाही. बरोबरच होतं. मग त्या रात्रीपुरता साधा उपाय केला. घड्याळावर राइट क्लिक, 'अ‍ॅडजस्ट डेट/टाइम', आपोआप वेळ घेण्याचं बटण बंद, 'चेंज' दाबून तारीख २५ जून २०२५ आणि वेळ. टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ निवडलेली आहे ना तेही बघितलं. मग आपोआपचं बटण पुन्हा चालू आणि 'सिंक नाउ'. आरक्षणाचं पान पहिल्या झटक्यात उघडलं. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं घड्याळ." म्हटलं होतंच.

"फक्त आज रात्री हा स्विच बंद करू नका," मी म्हटलं. स्विच चालू राहिला तर सेल मेलेला असूनही वेळ टिकते. काकांनी स्विचबोर्डावर कागद चिकटवला, 'बंद करू नये'. तरीही मला खात्री नव्हती, म्हणून तारीख बदलायच्या पायऱ्या त्यांच्या डायरीत त्यांच्याच हाताने लिहून घेतल्या. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत, आणि प्रत्येक पायरी मी न बोलता त्यांनी स्वतः एकदा करून. घरच्या घरी मदत करणाऱ्यांना एक सांगते, आपण माउस हातात घेतला की समोरचा माणूस बघत नाही, नुसता बसतो.

सकाळी सात चाळीसला काकांचा फोन. रात्री साडेअकराला हात आपोआप गेला होता. कागदासकट. सकाळी चालू केलं तर पुन्हा पहिली जानेवारी. "मग?" मी दात घासता घासता विचारलं. "मग काय, केलं मी. डायरीत होतं ना. तुला नुसतं सांगायला फोन केला."

आठ वाजता पान उघडलं, पहिली दोन मिनिटं नुसतं फिरत राहिलं, आणि तिकीट हाती आलं ते वेटिंगचं. बाकीच्या कोकणवासीयांची घड्याळंही बरोबर होती.

शनिवारी मी ऑपेरा हाउसवरून लॅमिंग्टन रोडला गेले. या रस्त्याला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण सेल मागायला कुणी त्या नावाने जात नाही. पाकिटावरची तारीख बघून सेल घेतला, चाळीस रुपये. काकांकडे मशीनची वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली, डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण दोन स्क्रू काढून सरकवलं. आत अकरा वर्षांची धूळ, झुरळाचा एक पंख. डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. बोर्डाच्या खालच्या भागात चकचकीत टिकली दिसतच होती; कडेची छोटी पट्टी नखाने मागे ढकलली की ती टुणकन वर येते. माझ्या मीटरवर तिचे १.७ व्होल्ट भरले. नवी टिकली अधिकची खूण वर ठेवून दाबली. दहा मिनिटांचं काम, त्यातली सात धूळ पुसण्याची.

चालू करताना डिलीट की दाबत राहून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये, तारीख घातली. इथे एक खाचखळगा असतो. सेल मेल्यावर बायॉस मूळपदावर जातं, त्यात हार्डडिस्क ओळखण्याची पद्धत बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं आणि लोकांना वाटतं सेल बदलल्यानेच बिघडलं. काकांच्या मशीनमध्ये ते पहिल्यापासून मूळपदावरच होतं, म्हणून वाचलो. जुना सेल मी चिकटपट्टीत गुंडाळून बरोबर आणला. समोरच्या खोलीत दोन वर्षांचं पोर सारखं येऊन-जाऊन असतं. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा तो ड्रॉवरमध्ये 'असू दे' म्हणून ठेवायची वस्तू नाही.

काकांचा शेवटचा प्रश्न चांगला होता. पुढे कधी असं इंग्रजी पान आलं तर तारीख बदलायची का? आधी कोपऱ्यातली तारीख बघायची. ती चुकली असेल तर हाच आजार. तारीख बरोबर असेल आणि एकाच संकेतस्थळावर 'जोडणी खासगी नाही' असं येत असेल, तर तिथे 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, बँकेच्या पानावर तर मुळीच नाही. तेव्हा घड्याळ नव्हे, समोरचा पासच खोटा किंवा मुदत संपलेला असू शकतो. पान बंद न करता मोबाइलने फोटो काढून मला पाठवायचा. तेव्हापासून काकू पाठवतात. मिक्सरच्या गॅरंटी कार्डाचाही पाठवला होता.

अठरा पावत्या नव्याने छापून वाटल्या. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जुनी परत दिलेली नाही. गणपतीला दोघं एसटीने गेले. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा या मशीनचं पुढे काय करायचं यावर काकांशी बोलणी चालू आहेत. नवीन घ्यायचं म्हटलं की ते सेलचे चाळीस रुपये काढतात. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने 'सेल बदलला, जून २०२५' लिहून ठेवलंय. स्विच अजून रोज अकराला बंद होतो. मॉनिटरवरची एफ-१ ची चिठ्ठी मी काढायला गेले तर काका म्हणाले, "असू दे गं, अक्षर चांगलं आलंय."